डोळे उघडे असलेला एक फोटो

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि दोन वर्षं धड पाऊस झाला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण गावात तसं बोललं जायचं. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून अर्ज आले आणि प्रत्येक अर्जाला दोन पासपोर्ट फोटो. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या माणिकप्पांचा स्टुडिओ तेवढा दुष्काळातही हिरवागार होता.

मी नांदेडला चित्रकलेच्या कॉलेजात होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसांचे पाच फोटो काढून न्यायचे होते. आमचे किशनराव सर म्हणायचे, "चेहरा सगळ्यांनाच दिसतो. न दिसणारं काढा." मी ते मनावर घेतलं. सकाळी माणिकप्पांकडे दोन्ही कान दिसतील असे पासपोर्ट फोटो काढायचे, आणि दुपारी दुकान बंद असताना त्यांच्याच डार्करूममध्ये कान, डोळे, प्रसंगी सगळं डोकंच अंधारात घालवायचं, असा माझा दिनक्रम होता. माणिकप्पांची अट एकच.

"कागद तुझा, पाणी बी तुझंच."

अडचण तीच होती. फोटो हायपोच्या रसायनातून काढला की भरपूर पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडतो. टँकर चार दिवसांनी यायचा. घरातलं पाणी कलेसाठी मागितलं तेव्हा वडिलांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात न दिसणारं पुष्कळ होतं.

पाणी दिलं नीलम्मा आत्यानं. ही वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून किराणा दुकान एकटी चालवायची. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात आणि बसलेलाच नेऊन माती देतात. विभूती लावून, हार घालून बसवलं की फोटोवाल्याला बोलावणं जातं. तिच्या नवऱ्यानं, ईश्वरप्पा मामांनी, हयातीत एकही फोटो काढून घेतला नव्हता, त्यामुळे दुकानात माणिकप्पांनी काढलेला तोच लागला होता. हार घातलेला, भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेला मालक.

"नवं गिऱ्हाईक इचारतं, मालक झोपलेत का," आत्या म्हणाली. "सोमवारी मला सोलापूरला न्यायलेत. पोटाचं आपरेशन हाय. आले तर आले. न्हाई तर ही मंडळी मला बसवतील अन् माणिकप्पाला बोलावतील. तसला नको मला. डोळे उघडे असलेला एक फोटो काढून दे. दोन घागरी पाणी देते."

मी हो म्हणालो. रोलमध्ये तीनच फोटो उरले होते. आत्याला खिडकीशी बसवलं. अंगावर इरकल, कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग. सरळ समोरून काढायचा असं माझं ठरलं होतं. तेवढ्यात झडपेतून उजेडाची एक पट्टी नेमकी तिच्या हातांवर आली आणि माझ्यातला कलावंत जागा झाला. तो जागा झाला की घरच्यांना त्रास होतो.

"आत्या, मान खाली घाल. लिंगाकडं बघ."

"डोळे दिसतील का?"

"त्याच्या पुढच्यात."

पुढच्यात मी तिला पाठमोरी बसवून बघितली. तिसऱ्यात शटर चांगलं दोन सेकंद उघडं ठेवलं, आणि तेवढ्यात दुकानातून कुणीतरी गूळ मागितला. आत्या उठली. रोल संपला.

रविवारी दुपारी घागरी डार्करूममध्ये नेल्या. एक घागर फिल्म धुण्यातच गेली. तिन्ही फोटोंत मिळून एकही डोळा नव्हता. पहिला मात्र किशनराव सरांना आवडेल असा होता. चेहरा अंधारात, उजेड फक्त हातांवर. मी तोच मोठा केला आणि उरलेल्या घागरीत धुतला. पाणी पुरलं नाही. शेवटी तांब्यातलं प्यायचं पाणी ओतलं आणि झालं म्हटलं.

माणिकप्पा आत आले. ट्रेमध्ये वाकून बघत म्हणाले, "बैठक चांगली जमली की. कधी गेल्या या?"

मी फोटो वाळवला आणि आत्याला नेऊन दिला. दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं तो लांब धरून पाहिला, मग वर मामांच्या फोटोकडे पाहिलं.

"पाणी माझं," ती म्हणाली, "अन् फोटो तुझा."

तो तिनं माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि थेट स्टुडिओ गाठला. मी मागोमाग गेलो. माणिकप्पांनी तिला स्टुलावर बसवलं, पदर कानामागं घ्यायला सांगितलं. मी सवयीनं कॅमेऱ्याकडे गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "माणिकप्पा, याला हात लावू देऊ नका. तुम्हीच दाबा."

आत्या सोलापूरहून आली. आमच्याकडच्या निम्म्या लोकांपेक्षा ठणठणीत. माझ्या फोटोला नांदेडला पहिलं बक्षीस मिळालं, त्याचं नाव सरांनी 'ध्यानस्थ' ठेवलं आणि तो कॉलेजच्या वऱ्हांड्यात दोन वर्षांत हळदीसारखा पिवळा झाला. दुकानात मामांच्या शेजारी लागला तो मोठा केलेला पासपोर्ट फोटो. दोन्ही कान, दोन्ही डोळे. फ्लॅशमुळे डोळे असे उघडलेले की समोरच्यानं तराजूला बोट लावताना पकडल्यासारखं दचकावं.

त्यानंतर अकरा वर्षांनी आत्या गेली. मी तोवर जळकोटला शाळेत चित्रकला शिकवत होतो, म्हणजे मुलांकडून बादली आणि छत्री काढून घेत होतो. पोहोचलो तेव्हा तिला बसवलं होतं. विभूती, हार, भिंतीला टेकलेली मान. चुलतभाऊ बसलिंगप्पा म्हणाला, "बरं झालं आलास. कॅमेरा हाय ना? दोन फोटो काढ."

कॅमेरा खांद्यावरच्या पिशवीत होता. रोलसुद्धा भरलेला होता.

"बिघडलाय," मी म्हणालो.

बसलिंगप्पा माणिकप्पांकडे वळला. ते काठी टेकून दाराशी बसले होते. "मग काका, तुमचा आणायला कुणाला पाठवू?"

माणिकप्पांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे.

"माझा बी बिघडलाय," ते म्हणाले.