बिनमाशांचं तळं

हिरामावशीचा हात पाण्यात शिरला की हिरव्या चुड्याची किणकिण क्षणभर उजळायची आणि पाण्याखाली मऊ होऊन विरायची. चारकोपच्या आमच्या सोसायटीमागे, पंपाच्या खोलीलगत, तिने इवलंसं तळं खणलं होतं: तळाशी जाड मेणकापड, मधोमध कुमुदिनी, आणि एका कडेला दगडांचा असा सौम्य उतार, की चिमणीला न्हाता यावं आणि बेडकाला सहज वर चढता यावं. मासळीबाजारात बसून बसून गुडघे गेलेली ही कोळीण त्या ओंजळभर जळाकडे तान्ह्या नातवाच्या कौतुकाने बघत बसायची.

मी सेक्रेटरी, त्यात खाष्ट. नवरात्रापर्यंत मुदत दिली. डासांची एक जरी अळी दिसली, तर तळं बुजवणार. मावशीने लगेच अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडले.

"पानी हाय नि मासा नाय? त्याला पानी कशाला म्हनायचं रे?"

अळ्या गेल्या खऱ्या. पण बेडकीने घातलेली, साबुदाण्याच्या खिरीसारखी अंडीही माशांनी दोन दिवसांत फस्त केली. चतुर येत, पाण्याला शेपूट टेकवून अंडी घालून जात, पण त्या पाण्यातून नवा चतुर काही उठेना. मावशी उतारावर बसून हे सारं पाहत राहिली. मग एका सकाळी तिने एकेक मासा गाळणीत धरला आणि नातीच्या शाळेतल्या कारंज्याच्या हौदात नेऊन सोडला. जन्मभर मासे विकले तिने, पण त्या दिवशी डोळे पुसत परतली. आता अळ्या झाल्या, तर तळंही जाणार होतं.

घटस्थापनेच्या दिवशी मी ओगराळं घेऊन पोहोचलो. पाणी ढवळलं, उन्हात धरून निरखलं. च्यायला, एक अळी सापडेल तर शपथ! पाण्यात वाढणाऱ्या चतुराच्या पिलांनी सगळ्या गट्ट केल्या होत्या. कुमुदिनीच्या देठावर एक कोवळा चतुर काचेसारखे पंख वाळवत होता, आणि दगडांवरून नखाएवढी बेडकं टुणटुण उड्या मारत होती.

"मंग, बुजवतोस?" मावशीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"कुदळच हरवली गं, मावशी."

ती इतकी खळखळून हसली की वरच्या खिडक्या उघडल्या. मलाही फार बरं वाटलं.

काळ आपल्याकडून आवडतं तेच काढून नेतो, याचा मला जुना राग आहे. पण मासे गेले तेव्हाच तिथे बेडकं नि चतुर वाढले; हल्ली त्या बिनमाशांच्या पाण्याशी बसलो, की माझ्या गेलेल्या माणसांच्या आठवणीतही काहीतरी नवं हलताना दिसतं.