दोन्ही घरांचं रक्त

हैदराबादच्या कोठी भागातल्या मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या पार्वतीबाईंच्या हातांवर आणि मानेवर पांढरे डाग होते. ऐन विशीत ते उमटले आणि त्यांचं लग्न काही जमलं नाही. नांदेडहून हैदराबादेत आलेल्या धाकट्या भावाकडे, नागोरावांकडे त्या राहिल्या आणि त्याच्या आईवेगळ्या पोरांना त्यांनीच वाढवलं. थोरला प्रबुद्ध नव्याने निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. धाकटी सुमेधा जनुकांवर संशोधन करत होती.

प्रबुद्धला चारुलता पसंत पडली होती. आज तिच्याकडची माणसं घर बघायला येणार होती. नागोराव सकाळपासून घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "अक्का, तेवढ्या वेळात बेगम बाजारात जाऊन येतीस का? मसाले संपलेत."

पार्वतीबाईंना कळायचं ते कळलं. "येते की," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

स्वयंपाकघरात सुमेधाने त्यांना अडवलं. "आत्या, हे डाग कशाने पडतात, ठाऊक आहे?"

"रक्त खराब असलं की. सगळे तेच म्हणतात."

"रक्त चांगलं आहे गं. जंतूंशी लढणारे शरीराचे शिपाई चुकून आपल्याच रंग देणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. अशाच चुकीने कुणाला थायरॉईड होतो, कुणाचे सांधे धरतात. एकाच घराण्यात हे वेगवेगळे आजार निघतात, म्हणजे काही जनुकं सारखी असणार. पुष्कळ जनुकं, प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा. तीच असूनही एखाद्याला काहीच होत नाही. का, ते शोधायचंय. म्हणून मला अशा घरांचं रक्त हवंय. बाबा तर आपल्याच घरचं देऊ देत नाहीत."

"आणि सापडल्यावर?"

"चुकणारे शिपाई नेमके ओळखता आले, तर कधीतरी तेवढ्यांनाच आवरणारं औषध निघेल. आज सगळ्या फौजेलाच झोपवावं लागतं."

"म्हणजे दंगा एकाचा आणि शिक्षा अख्ख्या वर्गाला," पार्वतीबाई हसल्या. त्यांनी पिशवी परत खुंटीला अडकवली आणि चहाचं आधण ठेवलं.

पाहुणे आले. चहाचा ट्रे घेऊन पार्वतीबाईच बाहेर आल्या, तसा नागोरावांचा चेहरा पडला. चारुलताच्या आईची, जयवंताबाईंची नजर त्यांच्या हातांवर खिळली.

"कधीपासून आहे हे?"

"विशीपासून. कुणाला लागत नाही. आणि आता मी लपवणारही नाही."

चारुलताने कप खाली ठेवला. "आई, मीही सांगते. मी रोज थायरॉईडची गोळी घेते. लग्न ठरेपर्यंत बोलू नको, असं घरात ठरलं होतं."

जयवंताबाईंनी डोक्याला हात लावला. सुमेधा मात्र पुढे सरसावली. "शरीर स्वतःवरच उलटल्यामुळे झालाय का?"

"डॉक्टर तसंच म्हणाले."

"मग तुमच्याही घरचं रक्त मिळेल?"

"सुमे!" नागोराव ओरडले. प्रबुद्धला असं हसू फुटलं की चहा शर्टावर सांडला. जयवंताबाईही हसू लागल्या.

चारुलता हसली नाही. "आमच्या मुलांना होईल का?"

"इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त," सुमेधा म्हणाली. "बहुतेक काहीच होणार नाही. पण पक्कं सांगणारा माणूस आज जगात नाही."

"झालंच तर आपल्या घरात लवकर ओळखू तरी येईल," प्रबुद्ध म्हणाला. चारुलताने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

साखरपुड्याला जेवणाआधी सुमेधाच्या लॅबचा टेक्निशियन सुया घेऊन बसला. पहिला दंड पार्वतीबाईंनी पुढे केला. मग, आधी नको म्हणणारे नागोरावही ऐटीत बसले, सुई पाहिली आणि जयवंताबाईंच्या पायाशी आडवे झाले. "इतका मान आजवर कुणी दिला नव्हता!" त्या म्हणाल्या आणि मांडव हसून लोटपोट झाला.

जेवणं झाल्यावर आत्या-भाची बर्फाचा डबा घेऊन लॅबकडे जायला ऑटोत बसल्या. सुलतान बाजारात ऑटोवाल्याने वळून विचारलं, "आइसक्रीम है क्या, अम्मा?"

"नै भाई, खून है. दो खानदानों का," पार्वतीबाई म्हणाल्या. त्याचे डोळे विस्फारले. तशा त्या घाईघाईने म्हणाल्या, "अरे, सबने खुशी से दिया!"