वडील हयात आहेत

छोटी हे नाव तिला तिसरीत असताना शोभत होतं. आता ती दारातून आत येताना मान वाकवायची, तरी घरात छोटीच. परदेशातल्या विद्यापीठाला अर्ज पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला अर्ज घेणं बंद. म्हणून दुपारपासून ती आणि तिचे वडील 'परदेश मार्गदर्शन'वाल्या सरांच्या केबिनमध्ये बसले होते. वडील फ्रिज दुरुस्त करायचे. आज दुकान बंद ठेवून त्यांनी लग्नाकार्याचा शर्ट चढवला होता.

'मला तुमच्याकडे का शिकायचंय' हा निबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहावा, अशी विद्यापीठाची भाबडी समजूत होती. इथे तो सर लिहीत आणि शेवटच्या दिवशी फाइलीत लावून देत. आधी दाखवला तर मुलं त्यात ढवळाढवळ करतात, असा त्यांचा अनुभव होता.

"काका, तुमच्यासाठी मराठीत सांगतो," असं म्हणून सरांनी वाचायला घेतलं. "बाबांच्या अकाली निधनानंतर मी खचले नाही. त्यांच्या आठवणींनीच मला यंत्रांची गोडी लावली..."

अकाली निधन झालेले बाबा शेजारच्या खुर्चीत खाकरले. "मी कधी गेलो?"

"कागदोपत्री हो, काका. दुःख असलं की अर्ज उठून दिसतो. गेल्या वर्षी माझ्याकडचे नऊ वडील गेले. नऊच्या नऊ मुलं आज तिकडे आहेत."

"आणि ते वडील?"

"मजेत! विमानतळावर सोडायला आले होते की."

छोटीने फाइल पुढ्यात ओढली. "सर, मागे आरोग्याचा फॉर्म आहे. त्यात लिहिलंय, वडील, वय त्रेपन्न, रक्तदाबाची गोळी चालू."

"ते खातं वेगळं. खाती एकमेकांचं वाचत नसतात. हे जगात सगळीकडे सारखंच."

वडिलांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "जाऊ दे गं छोटे. तुझं काम होत असेल तर गेलो मी. नाहीतरी गिऱ्हाइकांना कुठे सापडतो?"

एरवी ती हसली असती. बारा वर्षांची असल्यापासून ती या माणसाशेजारी टॉर्च धरून उभी राहत आली होती. नळीला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा फुगेल तिथून गॅस गळतोय समजायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. धडधाकट असताना.

"पासवर्ड द्या, सर. माझं मी लिहिते."

सरांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. प्रत्येक मुलाच्या अर्जाचं खातं ते स्वतः उघडत आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवत. सगळा धंदा त्यावर उभा होता. "दीड तासात? वेड लागलंय का? सुखात वाढलेल्या पोरीला कोण विचारतं? अख्खं वर्ष हातचं घालवशील."

"घालवीन. पण बाबांना नाही घालवणार."

"पासवर्ड मिळणार नाही."

छोटी उठली, वडिलांचा हात धरून बाहेरच्या खोलीत आली. तिथे सात-आठ पालक फायली मांडीवर घेऊन मुकाट बसले होते.

"हे माझे वडील," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "फाइलीत वारलेत. तुम्हीही आपापलं बघून घ्या."

सगळ्यांनी फायली उघडल्या. मग पानांची फडफड सुरू झाली.

"अगंबाई, मला अर्धांगवायू झालाय!" एक काकू ताडकन उभ्या राहिल्या.

"आमचं घर पुरात वाहून गेलंय," कोपऱ्यातले गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले. "चौथ्या मजल्यावरचं!"

पासवर्ड दोन मिनिटांत चिठ्ठीवर लिहून बाहेर आला.

कोपऱ्यातल्या संगणकावर छोटीने लिहायला घेतलं. इंग्रजी अडखळत होतं, ती थांबत नव्हती. फेस आला, टॉर्च आला. दवाखान्यातला लशींचा फ्रिज भर उन्हाळ्यात बंद पडला तो दिवस आला. बाबांनी सात तास खपून तो चालू केला, तरी निम्म्या लशी फेकाव्या लागल्या होत्या. वीज गेली तरी आठवडाभर गार राहील असा फ्रिज मला बनवायचाय, असं तिने लिहिलं.

वडील खांद्यावरून वाकून एकेक शब्द लावत होते. "नुसते फ्रिजच? एसीपण दुरुस्त करतो म्हणावं."

तिने एसी घातला.

"आणि 'बाबा गिऱ्हाइकांवर ओरडतात' हे कशाला लिहिलंस?"

"ओरडता म्हणून."

"बरं, राहू दे."

सहाला दहा मिनिटं होती. सर दारात येऊन उभे राहिले. "नाकारलं तर रडत माझ्याकडे यायचं नाही."

"नाकारलं तर का नाकारलं ते त्यांनाच विचारीन," छोटी म्हणाली. "पत्ता आहे माझ्याकडे. आता पासवर्डही आहे."

आणि तिने अर्ज पाठवला.