एकेचाळिसावी ओळ

अकरा तारखेला दुपारी कर कार्यालयाच्या संकेतस्थळाने खाइन्झाची फाइल परत पाठवली. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

म्बाले शहरातल्या एका कॉफी कारखान्यात त्र्याहत्तर माणसं कामाला होती आणि त्या सगळ्यांच्या पगाराचं काम खाइन्झाकडे होतं. महिनाअखेर ती प्रत्येकाच्या पगारातून कर कापायची, पेन्शन फंडासाठी शेकडा पाच कामगाराचे आणि शेकडा दहा मालकाचे असे बाजूला काढायची. मग नाव, कर क्रमांक, पगार आणि कापलेली रक्कम अशी त्र्याहत्तर ओळींची यादी संकेतस्थळावर चढवायची. तिकडून भरणा क्रमांक मिळाला की तो घेऊन बँकेत पैसे भरायचे, आणि हे सगळं पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. उशीर झाला तर दंड मालकाच्या माथी, आणि मालकाचा राग खाइन्झाच्या.

त्या महिन्यात संकेतस्थळ नवं झालं होतं. आधी ते क्रमांक खरा आहे की नाही एवढंच बघायचं. आता तो कुणाच्या नावावर आहे तेही ताडून बघू लागलं. बहात्तर ओळी हिरव्या झाल्या आणि एकेचाळिसावी तांबडी. तिथे खाइन्झाने लिहिलं होतं, गिदुदू विल्सन. संकेतस्थळाचं म्हणणं, हा क्रमांक नाम्बोझो टोपिस्टा यांचा आहे.

खाइन्झा खुर्ची मागे सारून उठली आणि थेट यंत्रांच्या शेडमध्ये गेली. गिदुदू कॉफीची सालं काढणाऱ्या यंत्राखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. एकोणसाठ वर्षांचा माणूस. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता आणि मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकणार होता. सहकारी संघाची सगळी यंत्रं त्याच्याकडेच येणार असं ठरत आलं होतं. फक्त संघाला कर भरल्याचा दाखला हवा होता.

"काका, नाम्बोझो टोपिस्टा कोण?"

गिदुदू बाहेर सरकला. "आपल्यात नाही कोणी. का गं?"

"नऊ वर्षं तुमचा कर तिच्या नावावर जमा होतोय."

"म्हणजे मी एका बाईला पोसतोय?"

"तिला काही मिळत नाही हो. पैसा सरकारकडेच जातो. फक्त पावती तिच्या नावाने फाटते."

गिदुदूने हात पुसले, विचार केला. "मुतेन्योला सांगू नकोस," तो म्हणाला.

मुतेन्यो म्हणजे त्याची बायको. ती कारखान्याच्या फाटकापाशी शिजवलेली हिरवी केळी आणि शेंगदाण्याची आमटी विकायची, त्यामुळे कारखान्यातलं काहीही तिच्या कानावर यायला आमटी वाढायला लागतो तेवढाच वेळ लागे.

व्यवस्थापक माफाबी यांना मात्र यात काही विशेष वाटलं नाही. "पैसे पोचलेत ना सरकारला? मग झालं. म्हाताऱ्याला नवा क्रमांक काढून दे, ओळ नीट कर आणि भरून टाक. पंधरा तारीख काही थांबत नाही."

"पण साहेब, ही बाई आहे कोण?"

"तुला कारखाना पगार कशाचा देतो, खाइन्झा? पोलीसगिरीचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिदुदूला घेऊन कर कार्यालयात गेली. खिडकीवरच्या बाईंनी त्याचं ओळखपत्र घेतलं, अंगठा टेकवून घेतला आणि म्हणाल्या, "नवा क्रमांक कशाला? तुमचा आहे की. नऊ वर्षांपूर्वीचा."

"मला माहीत नाही तो," गिदुदू म्हणाला.

"माहीत नाही कसं? त्यावर दर महिन्याला कर जमा होतोय." त्यांनी त्याच्या खात्याचा उतारा छापून खिडकीतून सरकवला.

खाइन्झाने तो दोनदा वाचला. गिदुदू विल्सन, आणि पगार देणारा मालक म्हणून सिरोन्को गावाच्या पुढच्या एका मुलींच्या निवासी शाळेचं नाव. नऊ वर्षांत एकही महिना चुकला नव्हता. क्रमांकही तिने निरखून पाहिला. तिच्याकडे गिदुदूचा म्हणून जो क्रमांक होता त्याच्या लगेच पुढचा हा. शेवटचा एकच आकडा वेगळा.

"काका, हा क्रमांक काढायला तुम्ही एकटेच गेला होता का?"

"नऊ वर्षं झाली, मुली. मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

खऱ्या क्रमांकाने फाइल चढली. त्र्याहत्तर ओळी हिरव्या झाल्या, चौदा तारखेला बँकेत भरणा झाला आणि माफाबी साहेबांनी मान डोलावली. कारखान्यापुरतं प्रकरण मिटलं होतं.

फाटकापाशी मात्र ते तेव्हाच सुरू झालं. मुतेन्योने आमटीचा डाव हातात धरूनच नवऱ्याला अडवलं. त्याच्या खिशातला उतारा तिने आदल्या दिवशीच शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला होता.

"नाफुनाच्या बापा, मुलींच्या शाळेत नऊ वर्षं काय करत होतात?"

"मी कुठे होतो? मी इथेच होतो. तू रोज बघतेस."

"सरकारचा कागद खोटं बोलतो का? कर कापला म्हणजे पगार मिळाला. कुठंय तो पगार?"

"तिला सांग," गिदुदू बरोबर आलेल्या खाइन्झाकडे वळून काकुळतीला आला.

खाइन्झाने समजावलं, की दोन माणसांच्या क्रमांकांची अदलाबदल झाली असणार, काकांचा कर त्या बाईच्या नावावर आणि त्या बाईचा काकांच्या. मुतेन्योने सगळं ऐकून घेतलं. "असेल," ती म्हणाली. "पण मी बघून येणार."

बघायचं तर खाइन्झालाही होतं. दाखल्यासाठी दोन्ही मालकांनी मिळून अर्ज दिल्याशिवाय जुनी नोंद हलणार नाही, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं होतं. जायला ते कारण पुरेसं होतं, पण खरं सांगायचं तर कारण नसतं तरी ती गेली असती. कुठल्याशा शाळेत एक बाई नऊ वर्षं राबतेय, तिच्या घामातून दर महिन्याला काही कापलं जातंय आणि ते एका यंत्रवाल्याच्या नावावर साठतंय. त्या बाईला हे ठाऊक असेल का?

शनिवारी तिघं टॅक्सी तळावरून निघाली. चौदा माणसांच्या गाडीत एकोणीस बसली होती. सिरोन्कोला उतरून दोन मोटारसायकली केल्या. एकीवर मुतेन्यो आणि खाइन्झा, दुसरीवर गिदुदू. शाळा डोंगराच्या पायथ्याशी होती आणि कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या मागे स्वयंपाकघराचा धूर दिसत होता.

शाळेचे हिशेबनीस वालाला नावाचे किडकिडीत गृहस्थ होते. खाइन्झाने उतारा पुढे ठेवला तसे ते चष्मा पुसत बसले.

"तुमचीही फाइल परत आली असेल या महिन्यात," ती म्हणाली.

"आली होती. मी ती ओळच काढून टाकली. एका ओळीपायी सेहेचाळीस जणांची फाइल अडवून धरू का? दंड कोण भरणार?"

"आणि तिच्या पगारातून कापलेला कर?"

वालाला यांनी कपाटाकडे पाहिलं. "आहे. बाजूला ठेवलाय. कुठल्या नावाने भरू तेच कळेना."

"साहेब, कापलेला पैसा आपला नसतो. तिचाही नसतो. भरेपर्यंत आपण नुसते हमाल. हमालाने पोतं घरी नेलं तर काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे."

तो माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने मुकाट्याने एका मुलीला पाठवून टोपिस्टाला बोलवून घ्यायला सांगितलं. निरोप आला, की चुलीवर पीठ टाकलंय, हात सोडता येणार नाही, पाहुण्यांनी इकडेच यावं.

स्वयंपाकघरात माणूस बसेल एवढ्या पातेल्यात मक्याचं पीठ शिजत होतं आणि वल्ह्याएवढ्या लाकडी पळ्याने ते घाटणारी धिप्पाड बाई म्हणजे टोपिस्टा. पन्नाशीची. तिने पळा थांबवला नाही.

"मावशी, मी म्बालेच्या कॉफी कारखान्यातून आले. हे गिदुदू काका."

पळा थांबला.

"गिदुदू विल्सन?" टोपिस्टाने विचारलं.

"हो," गिदुदू म्हणाला, आणि उगाच एक पाऊल मागे सरला.

"मी दोन वर्षं तुला शोधतेय."

मुतेन्योने नवऱ्याकडे पाहिलं. तिने तोंड उघडायच्या आत टोपिस्टानेच सांगायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी जमिनीच्या तुकड्यासाठी ती बँकेत कर्ज मागायला गेली होती. बँकेने तिचा कर क्रमांक तपासला आणि विचारलं, बाई, हा तर गिदुदू विल्सनचा, नवऱ्याचा क्रमांक का दिलात? तिला तर नवराच नव्हता, कधीच नव्हता. कर्ज राहिलं. वालाला साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, पैसा सरकारला मिळतोय, रडतेस कशाला.

"पण मला कळायला हवं होतं, हा कोण माझ्या पगारात राहणारा," ती म्हणाली. "तीन चर्चमध्ये विचारलं. दोन गिदुदू सापडले. एक वारलेला. दुसऱ्याने, आलीच आहेस तर वीस हजार उसने दे म्हणून मागितले."

गिदुदूला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. "मी नव्हे तो," तो म्हणाला.

"ते दिसतंय. तुझे हात काम केलेले आहेत." तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तू क्रमांक काढायला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी त्या टायपिंगच्या दुकानात आला होतास का? बोटाला चिंधी बांधून?"

गिदुदू थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू वर येत होतं. "वीज गेली होती," तो म्हणाला. "अर्धा दिवस बसवून ठेवलं त्या दुकानवालीने. एक बाई होती तिथे... तिने मला अर्धं कणीस दिलं."

"भाजलेलं. मीच ती."

"वीज आल्यावर दुकानवालीने घाईघाईने दोन चिठ्ठ्यांवर आकडे लिहिले. नावं नाही लिहिली."

"आणि एक तुझ्या हातात कोंबली, एक माझ्या."

"नऊ वर्षांपूर्वीचं अर्धं कणीस आठवतं," मुतेन्यो म्हणाली, "परवा सांगितलेलं मीठ आठवत नाही." पण तिचा आवाज निवळला होता. तिने कमरेला बांधलेला आपला फडका सोडला, टोपिस्टाच्या हातातून पळा घेतला आणि म्हणाली, "बोला तुम्ही. करपेल हे."

खाइन्झा लाकडाच्या ओंडक्यावर बसली आणि टोपिस्टाची पगाराची चिठ्ठी मांडीवर घेतली. सहा लाख वीस हजार शिलिंग पगार, अठ्ठ्याऐंशी हजार कर. गिदुदूचे नऊ लाख आणि एक लाख बाहत्तर हजार.

"म्हणजे सरकारी कागदावर मी तुझ्यापेक्षा श्रीमंत?" टोपिस्टाने विचारलं.

"आणि मी आचारी," गिदुदू म्हणाला.

पहिल्या दोन लाख पस्तीस हजारांवर कर का नाही, पुढे तो पायरी पायरीने कसा चढतो, फंडाचे मालकाकडचे शेकडा दहा चिठ्ठीत का दिसत नाहीत, सगळं खाइन्झा सांगत गेली. भाजी निवडणाऱ्या दोघी बायका आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आल्या. मग भांडी घासणारी आली. दारात वालाला उभे होते आणि तेही ऐकत होते. फंडाचा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर त्यांनीच दिलं, आणि बरोबर दिलं.

निघताना त्यांनी कपाटातला कर सोमवारी टोपिस्टाच्या खऱ्या क्रमांकावर, दंडासकट, भरण्याचं कबूल केलं. दंड शाळेचा, तिचा नाही, हे खाइन्झाने त्यांच्याकडून अर्जातच लिहून घेतलं. माफाबी साहेबांची सही मिळवायला तिला दोन दिवस लागले. त्यांनी सही केली आणि मग न राहवून विचारलं, "सापडली का ती बाई? कशी आहे?"

कर कार्यालयाने सात आठवडे घेतले. दोनदा कागद हरवल्याचं सांगितलं, एकदा टोपिस्टाला पुन्हा अंगठा द्यायला बोलावलं. शेवटी दोन्ही खाती अदलाबदल होऊन जागच्या जागी आली. टोपिस्टाने त्याच आठवड्यात बँकेत अर्ज टाकला आणि तो मंजूर झाला. गिदुदूचा दाखला त्याच्या निवृत्तीनंतर नवव्या दिवशी आला.

तो घ्यायला तो खाइन्झाबरोबर खिडकीपाशी उभा होता. दाखल्यासोबत उतारा होता आणि उताऱ्याच्या तळाशी नऊ वर्षांची बेरीज: एक कोटी एकेचाळीस लाख शिलिंग. तो आकडा त्याने बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचला. एवढा पैसा आपल्या हातून गेला आणि आपल्याला त्याचं वजन कधी जाणवलं नाही, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं.

"याचं काय केलं त्यांनी?" त्याने विचारलं.

"शाळा, दवाखाने, रस्ते."

"ते झालंच. माझ्या पैशाचं काय केलं?"

दर महिन्याला त्र्याहत्तर माणसांचा पैसा खाइन्झा त्या दारातून आत ढकलत होती आणि दारापलीकडचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने खिडकीवरच्या बाईंना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, हे कोणी विचारत नाही. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि जिल्ह्याच्या खर्चाचं एक जाडजूड, धूळ बसलेलं पुस्तक घेऊन आल्या.

"वाचून परत आणा," त्या म्हणाल्या.

गिदुदू दाखला घेऊन सहकारी संघाकडे गेला. खाइन्झा कारखान्याकडे जाणाऱ्या गाडीत चढली, खिडकीशेजारची जागा मिळवली आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लागली.