आणखी काही औषध घेता का?

"आणखी काही औषध घेता का, मावशी? गावाकडचं, वैद्याचं, कुणी दिलेलं?" डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"न्हाई," बनाबाई म्हणाली. "काय बी न्हाई."

तात्याबा बहिणीच्या मागे उभा होता. त्याने टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"किती वय तुमचं?"

"छप्पन्न-सत्तावन आसंल. माज्यापरास मेंढरांस्नी जास्त ठावं."

डॉक्टरबाई हसल्या. पल्लवी मॅडम म्हणून बाहेर सगळे त्यांना ओळखत होते. त्यांनी बनाबाईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मग त्यांचं हसू गेलं.

"तोंडावर सूज कधीपासून आहे?"

"ह्यो म्हैना झाला. पर माजं दुखनं गुडघ्याचं हाय, मॅडम. तोंडाचं न्हवं. ह्या दादानंच वडत आनलं मला."

ते खरं होतं. आठ दिवसांमागे तात्याबा बहिणीच्या वस्तीवर गेला होता. ती चुलीपुढून उठली, वळली, आणि तिच्या डोळ्यांखालची ती फुगलेली कातडी बघून तो दारातच थांबला. असंच तोंड त्याने चौदा महिन्यांपूर्वी आपल्या घरात बघितलं होतं. त्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बनाबाईने कमरेच्या पिशवीला हात लावला आणि म्हणाली, "पुडी घेती. सा म्हैनं झालं, सकाळ-सांज. लय गुन हाय. ज्यास्ती इचारू नगंस."

त्याने जास्ती विचारलं नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती.

जत तालुक्यातल्या त्या भागात बाजाराच्या दिवशी तो औषधवाला यायचा. गुडघा, कंबर, सांधे, सगळ्यांवर त्याची एकच करडी पुडी. पण पुडी द्यायच्या आधी तो भंडारा, म्हणजे देवाची हळद, पुढे धरायचा. चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि बिरोबाची आण घ्यायची, की या औषधाची वाच्यता दुसऱ्या कुणापुढे करणार नाही, डॉक्टरापुढे तर नाहीच. वाच्यता केली की गुण उतरतो. धनगराने भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. तात्याबाच्या बायकोने, शालूबाईने, तो उचलला होता. नवरा म्हणून तिच्या शेजारी बसून तात्याबानेही उचलला होता.

पुडीने शालूबाई चालायला लागली, हेही खरं होतं. दोन महिने ती मेंढरांमागे गेली. तरी खात्रीला म्हणून तिने एका खासगी डॉक्टरची सुईही चालू ठेवली. त्या सुईत काय होतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि डॉक्टरने सांगितलं नाही. मग सूज आली, आणि मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जात आली आहेत.

तिथल्या डॉक्टरने दोनदा विचारलं होतं. आणखी काही औषध घेता का?  दुसऱ्या वेळी शालूबाईने मान वळवून तात्याबाकडे बघितलं. त्याने खाली फरशीकडे बघितलं. मग ती म्हणाली, "न्हाई."

अकरा दिवसांनी ती गेली.

खरं तर तात्याबा न विचारणारा माणूस नव्हता. मेंढरांना जंताचं औषध पाजायचं असलं तर तो जनावरांच्या डॉक्टरला भंडावून सोडायचा. गाभण मेंढीला चालंल का? वजनाला किती? पंधरवड्यामागं हे दुसरं पाजलंय, त्याच्यावर हे चालंल का? बाटलीवरचं नाव तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. एकावर एक औषध पाजून आख्खा कळप आडवा पडलेला त्याने लहानपणी बघितला होता. पण माणसाच्या डॉक्टरपुढे गेलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. आपल्याला काय कळतंय, असं वाटायचं.

"रक्त-लघवी तपासू," पल्लवी मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट उद्या मिळेल. तोपर्यंत दुखण्यावर काहीही घ्यायचं नाही. काहीही म्हणजे काहीही."

"न्हाई घेत," बनाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

तात्याबाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"मॅडम, खोटं बोलतीया ती."

"दादा!"

"पुडी घेती. सकाळ-सांज. सा म्हैनं झालं."

"दादा, भंडारा उचललाय मी! आण घेतलीया बिरोबाची!" बनाबाईचा आवाज दारापर्यंत गेला. बाहेरच्या रांगेतल्या दोघीतिघी आत डोकावल्या. "जिभंला काय हाड हाय का न्हाई तुज्या? सा म्हैनं जरा चाललीया मी, ते बगवंना व्हय तुला?"

"मावशी, मी रागावणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पुडी बरोबर आहे का? मला फक्त दाखवा."

बनाबाईने कमरेची पिशवी मुठीत धरली.

"न्हाई दावायची. सोताच्या बायकूला वाचवाय आलं न्हाई, आन आला मला शानपन शिकवाय. वैनीला मोटमोटं डाक्टर केलंस न्हवं? जगली का ती?"

नर्स हातातला कागद धरून तशीच थांबली. 

"न्हाई जगली," तात्याबा म्हणाला. "ती बी हीच पुडी घ्याची."

बनाबाई मागे वळली.

"कोन? वैनी?"

"व्हय. त्याच मानसाची. मिरजंला डाक्टरनं इचारलं, आनि काय घेता का. दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा ती माज्याकडं बगाय लागली. म्या हूं म्हनलो आसतो तर बोलली आसती ती. म्या भंडाऱ्याला भ्यालो."

"आन मला का न्हाई सांगितलंस?"

"कुनालाच न्हाई सांगितलं."

"आरं, वैनी डाक्टरांच्या सुयांनी गेली आसं वाटून तर गेली मी त्येच्याकडं!" ती ओरडली नाही. हळूच बोलली. "ती मेल्यावर तरी सांगायचं हुतंस, दादा. मी तवा कुटं पुडी चालू केली हुती."

 तात्याबाच्या तोंडातून फक्त "व्हय" एवढं आलं.

बनाबाईने पिशवीची नाडी सोडली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तीन पुड्या तिने टेबलावर ठेवल्या, आणि हात पदराला पुसला.

मॅडमनी एक पुडी उघडून बघितली. "यावर नाव नाही, काय घातलंय ते नाही. कधी कधी अशा पुडीत झाडपाल्याबरोबर आमच्याच गोळ्या, स्टेरॉइड वगैरे, कुटून घातलेल्या असतात. ह्यात काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि तसं असलं तर एकदम सोडणंही धोक्याचं. म्हणून आज मावशींना इथंच ठेवते."

"म्हंजे गावठी औषिद घ्याचंच न्हाई का?" तात्याबाने विचारलं.

"घ्या की. शिकलेल्या वैद्याकडून घ्या, नाव लिहून घ्या आणि आम्हाला सांगा. आम्ही दिलेली गोळीही कशाची आहे ते विचारा. ज्याला सांगता येत नाही, त्याचं घेऊ नका. मग तो कुणीही असो."

"ही जगंल का पर?"

"आज सांगत नाही. रक्त बघू दे."

दुपारी बायकांच्या वॉर्डात बनाबाईला खाट मिळाली. तात्याबाने आणलेला चहा तिने घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बऱ्याच वेळाने तशीच पडल्या पडल्या म्हणाली,

"वस्तीवरनं आनि कोन कोन जातंय त्येच्याकडं, ठावं हाय का तुला?"

"न्हाई."

"कोंडीबाची बायकू जाती. आप्पासोची आई. ती सिद्धूची सासू, ती लंगडती ती. माज्याच संगं भंडारा उचलला तिगींनी."

तात्याबा उठला आणि वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात आला. मोबाईल जुना होता, नंबर शोधायला वेळ लागला. पहिला कोंडीबा. बाकांवर रुग्णांची माणसं डबे उघडून जेवत बसली होती. तिकडे कोंडीबा माळावर असावा, वाऱ्याने त्याला नीट ऐकू येत नव्हतं.

"कोन? आरं मोट्यानं बोल की गड्या!"

"मी तात्याबा!" तो मोठ्याने म्हणाला. जेवणारी माणसं वळून बघायला लागली. "शालूचं सांगायचं हुतं. माज्या शालूचं."

"काय? काय ऐकाय येईना रं!"

तात्याबाने मोबाईल दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.