पंजाबरावांच्या कार्डातला देव

माझी सून मोनाली घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं काम करते. लग्नपत्रिका, अर्ज, ग्रामसभेचे ठराव, पोट्ट्यांचे बायोडाटे, सगळं तिच्या कॉम्प्युटरवर होतं. आमच्या वस्तीतले तर येतातच, वरच्या आळीतले आणि तांड्यावरचे लोकही आमच्या दारात चपला काढतात. ते मला आवडतं, लपवत नाही. ज्यांच्या अंगणात माझी सासू दूर बसायची, त्यांचे नातू आमच्या स्टुलावर बसून "ताई, एवढं करून द्या ना" म्हणतात. मी तेव्हा मुद्दाम तिथं तांदूळ निवडत बसते.

बसून बसून मी शिकले. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण डोळे शाबूत आहेत आणि अक्कलही. मोनाली जेवायला उठली की मी खुर्चीत बसायची. वर्ड उघडता यायला लागलं, एका बोटानं नाव टाकता यायला लागलं. सगळ्यात आवडलं ते नाव बदलायचं. जुनं नाव वरच्या खान्यात लिहायचं, नवं खालच्या, आणि बटन दाबायचं. कागदावर जिथं जिथं जुना माणूस, तिथं तिथं नवा. मी मोनालीला म्हटलंही, "इतकं सोपं असते तर तुह्या सासऱ्याले मी कवाच बदलून टाकलं असतं." पोरगी हसून हसून टेबलावर पडली.

तिची कामाची रीत अशी, की कोणतंच कार्ड ती कोऱ्या कागदावर सुरू करत नाही. जुनं उघडते, नावं-तारखा बदलते, छापते. फक्त आपल्या लोकांच्या कार्डांचा फोल्डर तिनं वेगळा ठेवला आहे आणि बाकीच्यांचा वेगळा. मयतीच्या कार्डाला तर ती फार जपते. आपल्यात माणूस स्वर्गात जात नाही, तो कालकथित होतो. तेरवी नसते, पुण्यानुमोदन असतं. आत्मा आपण मानत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणाजवळ शांतीही मागत नाही. हे मोनालीला सांगावं लागत नाही. तिच्या बापानं त्यांच्या गावात विहार उभा केला आहे.

आमच्या वस्तीतले पंजाबराव गेले. नात्यानं माझे चुलत भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, मानानं साऱ्या वस्तीचे बाप. धम्मात आल्यावर घराघरातले देव टोपल्यात भरून नदीवर नेणारे तेच. तेव्हा ते मिसरूडही न फुटलेले होते म्हणतात, पण बायकांनी टोपलं अडवलं तर पोरगं रस्त्यातून हललं नाही. पुढं म्हातारपणी ठेच लागली तरी "माय व" म्हणायचे, "देवा" कधी तोंडातून निघालं नाही. कोणी चुकून म्हटलंच तर विचारायचे, "कोण आहे तो? कुठं राह्यते?"

त्यांचा मुलगा धम्मरत्न पुसदच्या डेपोत कंडक्टर आहे. त्यानं पुण्यानुमोदनाच्या कार्डाचं काम मोनालीकडेच दिलं. विहाराची स्मरणिकाही यंदा तिच्याकडेच द्यायची, असं त्याच्याच तोंडून निघालं होतं. तो विहाराच्या समितीत आहे. पण मोनाली त्या दिवशी प्रिंटरची शाई आणायला पुसदला गेलेली. इकडं धम्मरत्नाची पुतणी पायल दोनदा विचारून गेली, "कार्ड झाले का?" मी मोनालीला फोन लावला.

"आई, मी आल्यावर करते. तुम्ही हात नोका लावू, फाईल बिघडन."

हात नोका लावू! जसं मी शेणाचे हात घेऊन बसले होते. माझ्या मनात ते वाक्य मिरचीसारखं झोंबत राहिलं, आणि मी खुर्ची ओढली.

वर्ड उघडल्यावर जुन्या कामांची यादी दिसते. त्यात मयतीचं कार्ड दिसलं, मी तेच घेतलं. ते वरच्या आळीतल्या गोविंदरावांचं होतं, तेरवीचं. मला कळलं नाही असं नाही. वर मोठ्या अक्षरात 'तेरवी' होतं, ते खोडून मी 'पुण्यानुमोदन' लिहिलं. गणपती काढून बुद्धाचं चित्र लावलं, त्यालाच माझा अर्धा जीव गेला. फोटो बदलला. तारीख, जागा बदलली. घरच्यांची नावं बदलली. मग वरच्या खान्यात गोविंदराव, खालच्या खान्यात पंजाबराव, आणि बटन. सगळीकडे पंजाबराव, पंजाबराव. मला इतकं बरं वाटलं की मी मधला बारीक अक्षरांचा मजकूर पाहिलाच नाही. बारीक अक्षरं मला वाचता येतात, पण बोट ठेवून, एकेक जोडून. तेवढा धीर कोणाला होता? उरलेली शाई पुरली, गठ्ठा निघाला. मोनालीला कळू नये म्हणून काहीच सेव्ह न करता मी फाईल बंद केली.

पायल आली. मी गठ्ठा तिच्या हातात दिला.

"मोनाकाकू आली काय वो आजी?"

"तिनंच करून ठेवले होते," मी म्हटलं.

खोटं काहून बोलले? कारण म्हातारीनं केलं म्हटलं असतं तर त्यांनी तिथंच उलटून पाहिलं असतं. मला ते नको होतं. माझा बेत वेगळा होता. कार्ड गावभर जाऊ द्यायचं, चार लोकांनी छान झालं म्हणू द्यायचं, आणि मग सांगायचं की हे मथुराबाईनं केलं. मोनाली आली तेव्हा तिलाही एवढंच म्हटलं, कार्डांचं झालं. तिला वाटलं, घाई म्हणून त्यांनी दुसरीकडून छापून घेतले. मी हसले आणि तिला तसंच वाटू दिलं.

दोन दिवसांनी सकाळी धम्मरत्न आला. एकटा नाही, मागून चार-पाच माणसं, बाया, पायल. मी दारात तांदूळ घेऊन बसलेली. तो माझ्याकडे न पाहता आत गेला आणि कार्ड मोनालीसमोर टाकलं.

"वाच."

तिनं उचललं.

"मोठ्यानं वाच. साऱ्यायले ऐकू दे."

ती वाचायला लागली. "आमचे वडील पंजाबराव यांना..." आणि थांबली.

"काहून थांबली? मीच वाचतो. यांना देवाज्ञा झाली. देवाची आज्ञा! माह्या बापाले! ज्या माणसानं देव नदीत टाकले, त्याले देवानं हुकूम देऊन नेलं. अन् खाली पाह्य. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. वर बुद्धाचा फोटो, खाली ईश्वर. महागावपर्यंत वाटले मी हे. तिथला एक जण फोनवर हसून राह्यला होता. म्हणे, धम्मा, बुढा शेवटी सुधरला काय रे?"

मोनालीच्या हातातलं कार्ड हललं नाही. तिनं ते एकदा पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकच क्षण. तिला सगळं कळलं होतं.

तो क्षण माझा होता. तोंड उघडायचं, बस. आणि मी उघडलंही. पण निघालं काय?

"बाप्पा, जाऊ दे. पोरगी एकटी, कामाची गर्दी. लक्ष राह्यलं नसंन."

माझ्याच तोंडातून. ऐकताना मलाही वाटलं, हे कोण बोलून राह्यलं?

मोनालीनं मान खाली घातली. "चुकलं दादा. दुसरे करून देते."

"नोको. आता महागावातूनच करून आणतो. अन् स्मरणिकेचंही पाहू मंग."

मागून एका बाईनं हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दुसऱ्यायचे कार्ड करता करता देव घरात शिरला." दुसरी म्हणाली, "माहेरीच असतीन व देव्हारे. आपल्याले काय माहीत?"

मोनालीनं हे ऐकलं. तिनं पदरानं स्क्रीन पुसला. स्क्रीनवर धूळ नव्हती.

ते गेल्यावर मी तिथंच बसून होते. ताटात तांदूळ होते, खडे दिसत नव्हते. ती आत गेली, चहा केला, माझा कप माझ्याजवळ आणून ठेवला, रोजच्यासारखाच. साखर बरोबर, बशी बरोबर. आदळला असता तर बरं झालं असतं.

"तू काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? हे आईनं केलं म्हणू? कोणी मानलं असतं? म्हणले असते, स्वतःची चूक बुढीवर ढकलते."

"मंग मले तरी बोलायचं होतं."

"तुम्ही बोलल्या ना," ती म्हणाली आणि आत गेली.

साऱ्या वस्तीत मला कोणी उलट बोलत नाही. भांडण सोडवायला मला बोलावतात. नळावर माझा आवाज आला की बाया हंडे सरळ करतात. आणि या पोरीनं तीन शब्दांत मला जागेवर बसवलं, आवाज न चढवता. माझ्या कानशिलातून वाफ निघत होती. राग तिचा नव्हता. मी उठले, पायात चप्पल घातली.

पंजाबरावांच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली, माणसं बसलेली, धम्मरत्न फोनवर कोणाला तरी कार्डाचंच समजावत होता. मी बसले नाही.

"धम्मा, फोन ठेव. ते कार्ड मोनालीनं नाही केलं. मी केलं."

धम्मरत्नानं फोन खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"काकू, बसा. पाणी दे व पायल काकूले."

"पाणी नोको मले. मी केलं म्हणून राह्यली ना!"

"समजलं काकू. सुनेचा अपमान झाला, तुमच्या जिवाले लागलं. मीच जास्त बोललो. पण तुम्ही कायले आपल्या अंगावर घेता?"

"अशी सासू पाह्यजे," सकाळी देव्हाऱ्याचं बोलणारी तीच बाई म्हणाली. "आमच्या नशिबी नव्हती बाई."

दुसरी मान हलवायला लागली. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. मी चोरी कबूल करायला आले होते आणि हे मला हार घालत होते. सांगते, मनात आलं की बस म्हणावं, घरी जावं. मोनालीवरचा राग गेला, माझंही नाव राहिलं. धम्मा निवळलाच आहे, स्मरणिका देईल. कोणाचं काय बिघडलं? पण त्या सतरंजीवर भिंतीला टेकून पंजाबरावांचा फोटो होता, तोच, जो मी माझ्या हातानं कार्डावर चिकटवला होता. आणि मोनालीच्या माहेरावर उडालेला शिंतोडा या लोकांनी पुसला नव्हता, फक्त माफ केला होता. माफी तिला कशाची?

"तुमाले वाटते मले येत नाही?" मी म्हटलं. "चला. उठा. साऱ्यायनं चला माह्या घरी."

"काकू..."

"उठ म्हणलं ना धम्मा!"

तेवढा आवाज अजून माझ्यात होता. उठले.

मोनाली खुर्चीत होती. एवढी माणसं पाहून उभी राहिली, तिला वाटलं पुन्हा काहीतरी झालं. मी तिला बाजूला सारून बसले. मी कॉम्प्युटर चालवावा आणि गावानं पाहावं, हे मी किती वेळा मनात रंगवलं होतं! आता गाव मागं उभं होतं. वर्ड उघडलं. गोविंदरावांचं कार्ड काढलं. "हे पाहा. हे त्यायचं. देवाज्ञा इथं आहे, ईश्वर इथं आहे. मी काढलाच नाही." वरच्या खान्यात गोविंदराव. एकेक अक्षर. खालच्या खान्यात पंजाबराव. एकेक अक्षर. बटन दाबलं.

कागदभर नाव बदललं.

"अय्यो!" पायल ओरडली. "आजीले येते! खरंच येते!" तिनं टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "या वयात! मानलं बुढीले." कोणीतरी फोन काढून फोटोही काढला. ज्या कौतुकासाठी मी हे सगळं केलं, ते एकदम सगळं आलं, आणि मला वाटलं की कोणीतरी ते टेबल उचलून माझ्या डोक्यावर घालावं.

धम्मरत्नानं टाळी वाजवली नाही. तो माझ्या हाताकडे पाहत होता.

"मंग सकाळी काहून नाही बोलल्या काकू? मी एवढं वाईट बोललो तिले. तुम्ही तांदूळ निवडत होत्या."

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

तो मोनालीकडे वळला. "बाई, तुह्या माहेराचं जे निघालं ते माह्या दारातल्या लोकायनं काढलं. मले माफ कर. कार्ड तूच करून दे." आणि मागं पाहून त्या बाईला म्हणाला, "तूही म्हण." ती काहीतरी पुटपुटली.

"उठा आई," मोनाली म्हणाली.

मी उठले. तिनं गोविंदरावांची फाईल बंद केली, आपल्या फोल्डरमधली काढली आणि भराभर टाइप करत गेली. धम्मरत्न सांगत होता: कालकथित पंजाबराव, पुण्यानुमोदन, वंदना, भोजनदान. झाल्यावर तिनं अक्षरं मोठी केली नाहीत. स्टूल ओढून मला दाखवलं.

"बसा. छापायच्या आधी वाचून दाखवा."

"मी?"

"तुम्ही. मोठ्यानं. आता या खोलीतून कोणताच कागद बिना वाचल्याचा जाणार नाही. माह्यावालाही नाही, तुमच्यावालाही नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. मायाही नव्हती. काम होतं.

सगळे उभे होते. मी स्क्रीनवर बोट ठेवलं, पहिल्या बारीक ओळीखाली. आजपर्यंत मी लोकांसमोर कधी वाचलं नव्हतं. भाषणं केली, भांडणं केली, पण वाचलं नव्हतं. "आ... आम... आमचे वडील," मी म्हटलं, "का... काल..." जोडाक्षर नव्हतं, तरी अडकले. मागं कोणाच्या चपलेचा आवाज झाला. पायल सांगायला पुढं झाली, तिला मोनालीनं हातानं थांबवलं.

"...कथित," मी म्हटलं, आणि बोट पुढच्या शब्दाखाली सरकवलं.