फुली मारलेलं विमान

माझा डावा डोळा फुटलाय, मित्रांनो. तो कुणी फोडला ते मी आज सांगणार हाय. ज्याला लाज वाटायची त्याला वाटू द्या.

मी दुर्बीण हाय, औशाची. जुनी हाय, पण भंगार न्हाई. अंग काळं, गळ्यात चामड्याचा पट्टा, आणि नजर अशी की विचारू नका. एकदा औशाच्या किल्ल्यावरून मी पार माहूरगडाच्या पायऱ्या मोजल्या होत्या. एक पायरी कमी भरली. नीट पाहिलं तर त्या पायरीवर एक जाडजूड बाई पदर पसरून बसली होती. एकदा चंद्राकडं पाहिलं, तर तिथल्या खड्ड्यात कुणीतरी शेळी बांधलेली. खोटं वाटत असंल तर जाऊन पाहून या. पण आजची गोष्ट खरी हाय. रागात असले की मला खोटं सुचत न्हाई.

माझा जन्म उत्तरेकडल्या एका कारखान्यातला. तिथं भिंगं तपासायला एक बाई होती. बारीक चणीची, पण नजर सुईसारखी. मला उजेडाकडं धरायची, मान हलवायची आणि परत घासायला पाठवायची. सतरा वेळा! माझ्यासोबतच्या दुर्बिणी खोक्यात बसून फौजेत गेल्या, आणि मी आपली घासून घेऊन राहिले. त्या बाईचा मला असा राग यायचा की तिच्या नाकावरचा चष्मा फोडावा वाटायचा. अठराव्या वेळी ती म्हणली, "आता जा." मग मी गेले. फौजेत वाळवंट पाहिलं, बर्फ पाहिलं, आणि म्हातारी झाल्यावर फिरत फिरत नांदेडच्या जुन्या सामानाच्या बाजारात एका फाटक्या तंबूवर येऊन पडले.

तिथून मला उचललं गुरुपादप्पानं.

हा गुरुपादप्पा औशात एका यात्रा गाड्यांच्या मालकाकडं मेकॅनिक होता. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, हाताला ग्रीस, आणि डोकं कायम आभाळात. विमानाचा आवाज आला की पाना हातातच ठेवून अंगणात पळायचा. मला गळ्यात घालून झोपायचा सुद्धा. त्याची बायको मल्लम्मा म्हणायची, "माझ्या गळ्यात एक डोरलं घातलं अन् स्वतःच्या गळ्यात ही सवत घालून घेतली." म्हणायची असं, पण माझी भिंगं पुसायला जुन्या रेशमी खणाचा तुकडा तिनंच काढून दिला होता. ते माझे सुखाचे दिवस.

त्याच्या गॅरेजातली एक रीत सांगते, ती ध्यानात ठेवा. ज्या गाडीत खोट हाय, तिच्या समोरच्या काचेवर गुरुपादप्पा खडूनं मोठी फुली मारायचा. फुली असली की गाडी फाटकाबाहेर काढायची न्हाई. आणि ज्यानं फुली मारली, त्यानंच ती पुसायची. मालकानं सुद्धा हात लावायचा न्हाई.

एकदा नवरात्रात माहूरला जाणारी गाडी भरून तयार होती. नारळ, ओटीचं सामान, बायाबापड्या, सगळे चढून बसलेले. गुरुपादप्पानं खाली वाकून पाहिलं आणि काचेवर फुली मारली. स्टेअरिंगचा जॉइंट ढिला होता. मग काय, लोक खवळले! "आईच्या दर्शनाला आडवा येतो का रे?" म्हणून एकानं त्याचा सदरा टराटरा फाडला. मालक ओरडला, "घाट उतरल्यावर पाहू, पूस ती फुली!" गुरुपादप्पा गाडीच्या पुढं पाना घेऊन मांडी घालून बसला. दुपारी तो जॉइंट खोलला, तर नुसतं बोट लावल्यावर हातात आला. सदरा फाडणारा माणूस तोवर दुसऱ्या गाडीनं निघून गेला होता. माफी बी मागितली न्हाई मेल्यानं.

आता विमानाचं सांगते.

आपल्याच देशात एक नवं लढाऊ विमान बनत होतं. नाव वज्रपंख. बनून राहिलं, बनून राहिलं, गुरुपादप्पाची मिशी काळ्याची पांढरी झाली तरी बनून राहिलं. तो म्हणायचा, "आपल्या लोकांनी घडवलेलं यंत्र आभाळात उलटं होऊन सरळ होताना एकदा पाहायचंय. मग डोळे गेले तरी चालतील." आणि खरंच डोळे जायला लागले. काचबिंदू. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "अप्पा, कडा गेल्यात. आता मधलं नळीएवढं उरलंय. काय पाहायचं ते या थंडीत पाहून घ्या."

त्याच्यासारखे विमानवेडे आणखी तिघं होते. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता. उमरीचा वैजनाथ, मोबाईलचं दुकान चालवणारा. उदगीरचा संगमेश, भुसार दुकानदार. आणि नांदेडच्या कॉलेजात शिकवणारी उज्वला, जिच्या वहीत प्रत्येक विमानाचा नंबर लिहिलेला. आधी हे चौघं गोडीनं राहायचे. नांदेडच्या विमानतळाच्या भिंतीबाहेर रविवारी सतरंजी टाकून बसायचे आणि मला आळीपाळीनं डोळ्याला लावायचे. "अशी नजर नव्या दुर्बिणीला बी न्हाई," म्हणायचे. मी फुगून दीडपट व्हायची.

मग वज्रपंखानं हवाई कसरतींचा पहिला शो चुकवला. समुद्राकाठच्या शहरात. कारण सांगितलं हवामान. उन्हानं लोकांची डोकी तापली होती, तरी हवामान! दुसरा शो चुकवला, तेव्हा म्हणले सराव बाकी हाय. त्या दिवसापासून ग्रुपवर नुसती भांडणं.

वैजनाथ म्हणायचा, "भंगार हाय ते. उडत न्हाई, नुसतं पोस्टरवर छापतेत."

संगमेश म्हणायचा, "आपल्या देशाची वस्तू हाय, जरा तोंड सांभाळून बोल की! बाहेरून आणलेलं असतं तर तू त्याची आरती केली असती."

"उडलं तर करीन. उडंना तर त्याची कशाची आरती?"

उज्वला मधेच वही काढायची. "पहिल्यांदा सांगितलेल्या तारखेला आता किती वर्षं झाली, सांगू का?"

"नको!" दोघं एकदम ओरडायचे.

मला या सगळ्यांचा राग यायचा. ज्यानं तारखा दिल्या त्याचं नाव कुणी घेत न्हाई, आणि बिचाऱ्या विमानाला शिव्या. विमान काय स्वतः उठून सांगतं का, मी येतो म्हणून?

तिसरा शो ठरला लातूरजवळच्या धावपट्टीवर. गुरुपादप्पा तर लहान लेकरासारखा नाचला. पण दिवस कोणता ठरवला? येळवस! अरे, वेळ अमावास्येला अख्खा लातूर जिल्हा रानात असतो. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पालेभाज्यांची भज्जी आणि ताकाची आंबील पोटभर खायची, वाटेवरच्या अनोळखी माणसाला बी हाताला धरून पंगतीला बसवायचं. त्या दिवशी शहरात कुत्रं सुद्धा सापडत न्हाई. पण तारीख ठरवणाऱ्या कंपनीच्या साहेबाला एवढं बी कुणाला विचारावं वाटलं न्हाई. इथूनच ओळखायला पाहिजे होतं, हा साहेब विचारणाऱ्यातला न्हाईच.

मल्लम्मा खवळली. "चाळीस वर्षांत रानातली पूजा चुकली न्हाई. आता एका पत्र्यासाठी चुकवता का?"

"पत्रा न्हाई ते," गुरुपादप्पा हळूच म्हणला. "आणि पुढच्या येळवसला मला पांडव बी दिसणार न्हाईत अन् विमान बी दिसणार न्हाई. एकच निवडायचं तर काय निवडू?"

मल्लम्मानं पूजेचं जावेकडं सोपवलं, भज्जीचं पातेलं आणि आंबिलीचा बिंदगा फडक्यात बांधला, आणि म्हणली, "चला. मी बी पाहते, कोणती सवत हाय ती."

धावपट्टीवर मंडप, खुर्च्या, कर्णे. सकाळपासून ऊन वर वर चढलं. आमच्या चौघांसारखे गावोगावचे दीडेकशे वेडे आपापली येळवस सोडून आले होते. दहाची वेळ दिली, अकरा झाले. बारा झाले. गुरुपादप्पानं मला डोळ्यावरून खाली घेतलं न्हाई. त्याच्या हाताचा घाम माझ्या अंगाला लागत होता. एक वाजता कर्ण्यातून आवाज आला: तांत्रिक कारणामुळे वज्रपंखाचं उड्डाण आज होणार न्हाई. दिलगिरी.

जो गोंधळ उठला तो काय सांगू! वैजनाथनं खुर्ची उचलून आपटली. "म्हणलं होतं ना मी? म्हणलं होतं का न्हाई?" आणि संगमेश, जो इतके दिवस विमानाची बाजू घेऊन राहिला होता, तो तर ढसाढसा रडत शिव्या देत होता. "भाड्यानं जीप करून आलो रे उदगीरहून! लेकराबाळांना रानात सोडून!" उज्वलानं वहीचं पान टरकावलं.

आणि गुरुपादप्पा? त्यानं मला गळ्यातून काढलं. डोळे लाल. "कामचोर कारागीर!" ओरडला तो. "ज्याला वेळेवर यंत्र उभं करता येत न्हाई, त्यानं हातात पाना धरू नये!" आणि मला दगडावर आपटलं.

हाव, मित्रांनो. त्यानंच. माझा डावा डोळा त्यानंच फोडला.

मल्लम्मानं मला मातीतून उचललं. खणाच्या तुकड्यानं पुसलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, आणि ते जास्त लागलं.

"माहूरच्या गाडीला फुली मारली, त्या दिवशी सदरा मीच शिवला होता. हातशिलाई केली होती, खांद्यापासून कोपरापर्यंत. आज कुणाचा सदरा फाडायचाय, सांगा. म्हणजे सुईदोरा काढून ठेवते."

गुरुपादप्पा उभाच राहिला. मल्लम्मानं मला त्याच्या हातात दिलं. "उजवी बाजू शाबूत हाय. आता आभाळ सोडा अन् खाली पाहा."

त्यानं माझा उजवा डोळा आपल्या उरलेल्या नळीएवढ्या नजरेला लावला. एवढा वेळ सगळे वर पाहून राहिले होते, म्हणून धावपट्टीच्या पार टोकाला कुणाचं लक्षच गेलं न्हाई. मी माझी सगळी ताकद लावली. तिथं ताडपत्री अर्धी सरकवलेली, आणि तिच्याखाली वज्रपंख उभं होतं. करड्या रंगाचं, नाक पुढं, जणू बांधून ठेवलेला घोडा.

विमानाच्या पोटाखालून एक बाई निघाली. अंगात निळे कपडे, कोपरापर्यंत काळे हात. तिच्यापुढं कंपनीचा तो कोटवाला साहेब दोन्ही हात हवेत फेकून ओरडत होता. आधी मंडपाकडं बोट दाखवायचा, मग हातातला कागद तिच्या तोंडापुढं नाचवायचा. विमान ठीक हाय म्हणून सही कर म्हणत असणार, दुसरं काय? बाई मान हलवत होती. न्हाई. साहेब आणखी जवळ आला. न्हाई. मग तिनं खिशातून लाल फीत काढली, विमानाच्या पुढच्या चाकाजवळ बांधली, आणि तिथंच पाना मांडीवर घेऊन खाली बसली.

मान हलवायची ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. मला सतरा वेळा परत पाठवणारी बाई अशीच मान हलवायची.

गुरुपादप्पानं मला डोळ्यापासून खाली घेतलं. "फुली," तो म्हणला. "मल्लम्मा, तिनं फुली मारलीय."

आणि तो पळाला. साठी ओलांडलेला, डोळ्यांनी अधू माणूस, लोखंडी कठड्याला जाऊन धडकला आणि फुफ्फुसं फाटेपर्यंत ओरडला, "बाई! सही करू नको! कुणाचं ऐकू नको! तुझी फुली तूच पूस!"

तेवढ्या अंतरावर ऐकू गेलं का, मला माहीत न्हाई. एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की तिनं हात वर केला आणि विमानानं सुद्धा मान डोलावली. पण म्हणलं ना, रागात मला खोटं सुचत न्हाई. ऐकलं ते आमच्या मागच्या गर्दीनं. "हा कोण कंपनीचा चमचा?" म्हणून एकानं पाण्याची बाटली फेकून मारली. वैजनाथनं त्याच दिवशी गुरुपादप्पाला ग्रुपमधून काढून टाकलं. उज्वला मात्र कठड्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं मला मागून घेतलं, एका डोळ्यानं पाहिलं, आणि वहीत तारीख लिहून पुढं एक फुली काढली. वैजनाथ अन् संगमेश निघून गेले, मग पाचांची भज्जी उरलेल्या तिघांनी खाल्ली. आंबील लई आंबट झाली होती, तरी बिंदगा रिकामा केला.

आता गुरुपादप्पाला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. लाल फीत बांधणारे ते काळे हात, हेच त्यानं नीट पाहिलेलं शेवटचं. तो मला गळ्यात घालून अंगणात बसतो. तो आंधळा आणि मी काणी, जोडी बरी जमलीय. मल्लम्मा अजून बी दर सोमवारी माझी भिंगं पुसते, फुटकं सुद्धा.

परवा टीव्हीवर सांगितलं, वज्रपंख कुठल्याशा मोठ्या शहरात उडलं. उलटं झालं, सरळ झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. संगमेशनं उदगीरहून फोन केला, आनंदानं त्याला धड बोलता येईना. "अप्पा, काय उडलं हो! तुम्ही पाहायला पाहिजे होतं!"

गुरुपादप्पानं एवढंच विचारलं, "फुली कुणी पुसली?"

"आँ?"

"त्याच बाईनं पुसली, का दुसऱ्या कुणी पुसली?"

"आता ते कोण सांगतंय, अप्पा? टीव्हीवर असलं काही सांगत न्हाईत."

गुरुपादप्पानं फोन ठेवला. त्या दिवशी तो जेवला न्हाई.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ फडक्यानं पुसा, मला दगडावर आपटू नका, एवढं तर कुठली बी दुर्बीण सांगंल. मी आणखी एक सांगते. टाळ्या वाजवायच्या आधी, नाराज होऊन खुर्च्या फेकायच्या आधी, हा एक सवाल विचारा. जोरानं विचारा, तारखा देणाऱ्या कोटवाल्याला ऐकू जाईल असा. फुली कुणी पुसली?